वाचणाऱ्याची मान

जुन्या वर्तमानपत्रांचे बांधीव खंड वाचायला घेतले की खुर्चीचा उपयोग संपतो. खंड उघडला की टेबल भरून जातं. पानाच्या वरच्या कोपऱ्यातली बातमी वाचायला उभं राहावं लागतं, तळाची जाहिरात वाचायला ओणवं व्हावं लागतं, आणि मान दोन्ही वेळा खालीच असते. कागद असा की बोट जरा जोरात लागलं तर तुकडा हातात येईल. त्यामुळे खंड उचलून तिरका धरायची हिंमत होत नाही. त्यात शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीची बंगाली छपाई, जोडाक्षरं एकमेकांत रुतलेली, शाई मागच्या पानावर फुटलेली. मी ही पानं उपसत होते ती सखाराम गणेश देऊस्करांसाठी.

देऊस्कर मराठी. घराणं पिढ्यान्‌पिढ्या देवघर शहराकडे स्थायिक झालेलं, त्यांचा जन्म तिथल्याच करों गावातला, १८६९ चा. लिहिलं सगळं बंगालीत. कोलकात्यात शिवाजी उत्सव रुजवण्यात त्यांचा हात होता, 'हितवादी' या पत्राचं संपादन त्यांनी केलं, आणि १९०४ साली आलेलं त्यांचं 'देशेर कथा' स्वदेशीच्या काळात इतकं वाचलं गेलं की १९१० मध्ये सरकारने ते जप्त केलं. महाराष्ट्रात त्यांचं नाव क्वचित निघतं. माझी पीएच.डी. पुण्यातली, पण माणूस कोलकात्याचा, म्हणून मी अलीपूरच्या बेल्व्हेडिअर आवारात, राष्ट्रीय ग्रंथालयात येऊन बसले होते.

राहायला खोली घेतली खिदिरपुरात, भाड्यासाठी. अलीपुरात राहणं शिष्यवृत्तीत बसणारं नव्हतं. खिदिरपूर तिथून चालत जाण्याइतकं जवळ, आणि बाकी सगळ्या बाबतींत दुसऱ्या टोकाला. गोदी १८९२ पासूनची, तिच्याभोवती वाढलेली वस्ती: बंगाली, बिहारी, उर्दू बोलणारे, कोण कुठून आलेले. मायकेल मधुसूदन दत्त, रंगलाल बंद्योपाध्याय, हेमचंद्र बंद्योपाध्याय असे कवी या भागात राहून गेले, म्हणून एका रस्त्याला कवितीर्थ सरणी हे नाव आहे. त्यावरून दिवसभर हातगाड्या जातात. माझी घरमालकीण निवृत्त शिक्षिका, तिला सगळी गल्ली माशिमा म्हणे, मीही म्हणू लागले. ती मला नावाने कधी हाक मारत नसे. "ओ मराठी मेये," असं जिन्यातून ओरडायची. पहिल्याच आठवड्यात तिने मला बर्गींची, म्हणजे मराठा स्वारांची, अंगाईही ऐकवली, आणि वर हसून म्हणाली की तुझे पूर्वज चौथ न्यायला यायचे, तू वर्तमानपत्रं न्यायला आलीस, प्रगती आहे.

मी आले त्याच्या थोडं आधी, सप्टेंबर २०१८ मध्ये, डायमंड हार्बर रोडवरचा माझेरहाट पूल कोसळला होता. गोदीकडचे ट्रक, बस, रिक्षा सगळं भलत्या रस्त्यांनी वळवलेलं. बसमध्ये बसून राहण्यापेक्षा चालणं लवकर पोचवत होतं, म्हणून मी चिडियाखान्याच्या, म्हणजे प्राणिसंग्रहालयाच्या, भिंतीकडेने चालत जायची. पाठीवर लॅपटॉप, हातात डबा. हे चालणंच काय तो माझा दिवसातला व्यायाम.

हिवाळा सरता सरता वाचन बिघडलं. दुपारी जेवून परत बसलं की एकच स्तंभ मी पुनःपुन्हा वाचायची आणि टिपण काढायला गेलं की काही हाती नसायचं. उजव्या डोळ्यामागे दुखे. चष्म्याचा नंबर तपासून घेतला; तो होता तोच होता. पुण्याहून सरांचा फोन यायचा, "तिसरं प्रकरण कुठवर आलं?" मी काहीतरी सांगायची. मनात मात्र दुसरंच चाललेलं असे: हे काम आपल्या डोक्याचं नव्हे, एम.ए.ला नशिबाने निभावलं. मानही दुखत होती, पण मान कोणाची दुखत नाही? ग्रंथालयातल्या प्रत्येक टेबलावर कोणी ना कोणी मानेवर हात ठेवून बसलेला असायचा.

माशिमाने यावर विद्यासागर सुचवले. बंगाली घरात अभ्यासाची कुरकुर केली की ईश्वरचंद्र विद्यासागर येतातच. रस्त्यावरच्या दिव्याखाली वाचणारे, आणि डुलकी लागू नये म्हणून शेंडी दोरीने छताला बांधून बसणारे. आख्यायिकाच ती. मला गंमत वाटली, कारण वाईला आमचे आजोबा हीच गोष्ट पाठशाळेतल्या विद्यार्थ्यांची म्हणून सांगत. दोरीच्या जागी खुंटी, एवढाच फरक. मान पडली की शेंडीला हिसका, हिसक्याने जाग. दोन प्रांतांनी एकमेकांना न विचारता तोच उपाय शोधून ठेवला होता. गोष्टीत मान म्हणजे आळशी नोकर, तिला वेसण घालायची. ती किती वेळ डोकं पेलू शकते, हे त्या गोष्टीत कोणी विचारत नाही.

शेवटी एका सरकारी रुग्णालयाच्या फिजिओथेरपी विभागात गेले. तिथली बाई माझ्याच वयाची असेल, हिंदीत बंगाली मिसळून बोलणारी. तिने आधी एक छापील कागद भरायला दिला. मानेच्या दुखण्याने रोजच्या जगण्यात किती अडतं हे मोजणारी ही प्रश्नावली १९९१ मध्ये व्हर्नन आणि मायर यांनी तयार केली आणि जगभर वापरली जाते. दहा मुद्दे, प्रत्येकाला शून्य ते पाच. दुखणं किती, कपडे घालता येतात का, वजन उचलता येतं का, झोप लागते का, हे अपेक्षितच होतं. चौथा मुद्दा वाचनाचा निघाला. मानेमुळे किती वेळ वाचता येतं? पुढे डोकेदुखीचा. त्याच्यापुढे, लक्ष एकाग्र होण्याचा. मी पेन हातात धरून त्या बाईकडे पाहिलं. जी गोष्ट मी महिनाभर माझ्या बुद्धीच्या खात्यात मांडत होते, ती इथे मानेच्या कागदावर छापलेली होती.

मग तिने मला टेबलावर उताणं झोपवलं, गुडघे दुमडायला लावले. हनुवटी घशाकडे ओढून घे, आणि डोकं टेबलापासून जेमतेम बोटभर वर उचलून धर. गळ्याच्या कातडीला पडलेल्या घडीवर तिने पेनाने रेघ मारली. हनुवटी सुटली की रेघ तुटते, मग चाचणी संपली. तिचा तळवा डोक्याखाली, न टेकता. हे काय कठीण, असं म्हणेपर्यंत गळ्यातून थरथर सुरू झाली आणि अर्धं मिनिट व्हायच्या आत डोकं तिच्या तळव्यावर होतं. दुखणं नसलेले पुरुष ही चाचणी सरासरी चाळीसेक सेकंद धरतात, बायका तीसेक. मी तिशीच्या बरीच अलीकडे गळले होते.

तिने समजावलं ते असं. मानेच्या बाहेरचे स्नायू, जे हाताला लागतात, खांद्याकडे उतरतात, ते मोठ्या हालचालींसाठी. त्यांच्या आत, घशाच्या मागे, मणक्यांना चिकटून आणखी स्नायू असतात, लाँगस कॉली आणि लाँगस कॅपिटिस. त्यांचं काम डोकं जागेवर धरून ठेवणं, तासन्‌तास, गाजावाजा न करता. दुखणं सुरू झालं की हे आतले सुस्तावतात आणि बाहेरचे त्यांचं काम अंगावर घेतात. बाहेरचे त्या कामाचे नव्हेत, म्हणून थकतात, आखडतात. मानेच्या वरच्या तीन मज्जातंतूंच्या संवेदना आणि चेहऱ्याच्या मज्जातंतूच्या संवेदना मेंदूच्या मुळाशी एकाच ठिकाणी येऊन मिळतात. म्हणून मानेतला ताण डोळ्यामागे दुखतो आणि माणूस चष्मेवाल्याकडे जातो. हे ती इतक्या सहज म्हणाली की माझ्यासारखे किती येत असतील ते कळलं.

आतले स्नायू शिकवायची रीतही पाहण्यासारखी आहे. रक्तदाब मापायच्या यंत्रासारखी हवेची छोटी पिशवी मानेखाली ठेवतात, तिच्यात २० मिलिमीटर दाब भरतात. आता डोकं न उचलता फक्त होकार दिल्यासारखी हनुवटी किंचित आत घ्यायची, इतकी किंचित की काटा २२ वर जावा. तिथे दहा सेकंद धरायचं. मग २४, २६, असं ३० पर्यंत. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडच्या ग्वेंडोलिन जल यांनी ही पद्धत रुजवली. जोर लावला की काटा उसळतो आणि बाई म्हणते, "ज़ोर नहीं, दिदी, ज़ोर नहीं." व्यायाम म्हटल्यावर दंड-बैठका आठवणाऱ्या माणसाला हे फार अवघड जातं.

माशिमाच्या घरी एक मुलगी अभ्यासाला येत असे. मटियाबुर्जची. तिचे वडील शिलाईकाम करणारे. त्या भागात घरोघर मशिनी, ओस्तागर कापड आणि माप देतात, दर्जी नगावर शिवतात, शनिवार-रविवारच्या हाटात माल जातो. घरात मशिनीचा आवाज रात्रीही थांबत नाही, म्हणून माशिमाने तिला आमच्या मजल्यावरची कोपऱ्याची जागा दिली होती. कलकत्ता विद्यापीठाची बी.कॉम., सेमिस्टरची पद्धत नुकतीच आलेली, पुस्तकं कमी आणि मोबाइलवर आलेली टिपणं जास्त. ती भिंतीला टेकून, गुडघे पोटाशी घेऊन, मोबाइल मांडीवर ठेवून वाचायची. मी घरी आल्यावर टेबलावर झोपून हनुवटी आत ओढताना तिने पाहिलं आणि विचारलं, "दिदी, हे कशाचं आसन?" मी सांगितलं. तिने तिथल्या तिथे करून पाहिलं आणि माझ्याइतकीच लवकर पडली. मग आम्ही संध्याकाळी दोघी मिळून करू लागलो. ती माझे सेकंद बंगालीत मोजायची आणि शेवटच्या दोन-तीन आकड्यांना लबाडीने लांबवायची.

एका रविवारी आम्ही चिडियाखान्यात गेलो. जिराफासमोर गर्दी होती. मी तिला म्हटलं, याच्या मानेत मणके किती असतील? तिने पंचवीस सांगितले. सात, आपल्याइतकेच. तिला पटेना, मोबाइलवर शोधून खातरजमा केल्यावरच ती पुढे हलली. वाणिज्य शाखेची मुलगी, आकडा कागदावर पाहिल्याशिवाय घेत नाही. मला ते आवडलं, कारण मानेबद्दलचे आकडे लोक न तपासताच एकमेकांना पाठवत असतात.

त्यातला सगळ्यांत गाजलेला आकडा २७ किलोचा. डोकं पुढे ६० अंशांत झुकवलं की मानेवर २७ किलोचा भार येतो, हे चित्रासकट प्रत्येकाच्या व्हॉट्सअॅपवर एकदा तरी येऊन गेलेलं आहे. माझ्या आईने पुण्याहून मला ते तीनदा पाठवलं असेल. मूळ काम केनेथ हन्सराज या अमेरिकन शल्यविशारदांचं, २०१४ चं. सरळ डोक्याचा भार साडेचार-पाच किलो. १५ अंशांना सुमारे १२ किलो, ३० अंशांना १८, ४५ ला २२, ६० ला २७. पण हे सारं संगणकावरच्या प्रतिरूपात काढलेलं गणित आहे. जिवंत माणसांच्या माना त्यात मोजलेल्या नाहीत, दुखणं तर नाहीच. तरफेचं गणित म्हणून ते बरोबर असेल. पण मोबाइल पाहणाऱ्या प्रत्येकाची मान मोडणार, असा त्यातून निघणारा सूर मला अंगावर घातलेल्या भीतीसारखा वाटतो. वाकलेली मान असूनही न दुखणारी माणसं भरपूर आहेत. त्या फिजिओबाईचंही म्हणणं साधं होतं: वाईट बसणं असं काही नसतं, फार वेळ तसंच बसणं असतं, आणि त्या वेळाला न पुरणारी मान असते.

आणि खिदिरपुरात राहून त्या २७ किलोंचं कौतुक टिकणं अवघड. ऑरफनगंज बाजाराच्या बाजूने सकाळी गेलं की झाका-मुटे दिसतात, डोक्यावर वेताची मोठी टोपली, टोपलीखाली आपल्याकडच्या चुंबळीसारखं कापडाचं वेटोळं. काहींच्या डोक्यावर सरळ गोणी असते. धान्याची ताग-गोणी ५० किलोंची. मान कशी, तर सरळ. खड्डा पाहायचा तर मान वाकवत नाहीत, डोळे खाली फिरवतात. वाईला कृष्णेवरून हंडे आणणाऱ्या बायका मी लहानपणी पाहिल्या आहेत, आमची आजी त्यांच्यातलीच. त्यांचंही असंच, वळायचं तर सगळं अंग वळणार. केनियातल्या लुओ आणि किकुयू बायकांवरचं संशोधन १९८६ मध्ये 'नेचर'मध्ये आलं होतं: स्वतःच्या वजनाच्या पाचव्या हिश्शाइतकं ओझं त्या डोक्यावर वाहतात आणि शरीराला जादा ऊर्जा खर्चावी लागत नाही. लहानपणापासूनच्या सवयीने हे येतं.

म्हणून मानेची ताकद मोजून कोणाला गुण द्यायचे म्हटले, तर या बाजारातले हमाल माझ्या आधी डॉक्टरेट होतील. आणि ती ताकदही फुकट मिळत नाही. 'पोर्टर्स नेक' नावाचा लेख १९६८ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आला, डोक्यावरून ओझी वाहणाऱ्यांच्या मानेला होणाऱ्या इजांवर. आपल्याकडे अण्णासाहेब पाटलांनी माथाडींना संघटित केलं आणि १९६९ चा कायदा झाला तेव्हा भांडण मजुरीचं, नोंदणीचं, भविष्यनिर्वाह निधीचं होतं. मानेचं दुखणं त्या यादीत कितवं आलं असतं, देव जाणे. गोदीतलं बरंचसं ओझं आता कंटेनर आणि क्रेन उचलतात. बाजारातलं अजून माणसंच.

विद्यार्थ्यांच्या मानेची ताकद आणि त्यांचे गुण यांचा मेळ घालून पाहण्याची कल्पना मला त्या दिवसांत फार खुणावत होती, स्वतःचं प्रकरण अडलेलं म्हणून असेल. अशा अभ्यासांची रीत बहुधा ठरलेली असते: एकदाच मापं घ्यायची, प्रश्नावली भरून घ्यायची, गुण विचारायचे, आणि आकडे एकमेकांसोबत चढतात-उतरतात का ते पाहायचं. चढले तरी त्यातून काय कळलं? ज्याची मान भक्कम तो कदाचित खेळणारा, झोपणारा, घरी वेगळी खोली असणारा. गुण त्या खोलीचे असतील. ज्याची दुखते तो कदाचित जास्त वाचणारा, म्हणजे दुखणं हेच अभ्यासाचं फळ. हे सगळं एका फेरीच्या मापनात सुटं करता येत नाही. ताकदीचं माप तर आणखी फसवं. मानेचा एका क्षणाचा जोर वेगळा आणि तास-दोन तास डोकं धरून ठेवण्याचा दम वेगळा. पुस्तकाला दम लागतो.

भक्कम पुरावा आहे तो दुखण्याबद्दल. फिनलंडमध्ये यिलिनेन आणि सहकाऱ्यांनी कार्यालयात काम करणाऱ्या १८० बायका घेतल्या, मान वर्षानुवर्षं दुखणाऱ्या. तीन गट. एकाला रबरी पट्टीविरुद्ध मानेचा जोर वाढवायचा व्यायाम, दुसऱ्याला झोपून डोकं उचलण्याचा, दमाचा व्यायाम, तिसऱ्याला नुसता ताण देणं आणि चालणं-फिरणं. वर्षभराने बऱ्यापैकी किंवा पूर्ण आराम पडलेल्या पहिल्या गटात ७३ टक्के, दुसऱ्यात ५९, तिसऱ्यात २१. हे २००३ मध्ये प्रसिद्ध झालं. त्यात कोणी परीक्षा दिलेली नाही, कोणाचे गुण वाढलेले नाहीत. पण दुखणं उतरलं की वाचन आणि एकाग्रता या दोन ओळींचे आकडे खाली येतात, एवढं मी त्या छापील कागदावरून सांगू शकते. तो मला पुन्हा भरायला दिला होता. प्रबंधाचं काम मानेने केलं नाही. तिने मला टेबलाशी बसू दिलं, दुपारनंतरही.

ते काही आठवड्यांत झालं नाही. ग्रंथालयात मी एक शिस्त लावून घेतली: एक स्तंभ उतरवून झाला की उभं राहायचं, हनुवटी आत, खांदे सैल, मग पुढचा स्तंभ. समोर बसणाऱ्या एका वयस्क गृहस्थांना वाटे मी त्यांना कशाला तरी नकार देते आहे. एकदा त्यांनी विचारलंच. मी सांगितल्यावर तेही करू लागले, आणि मग आम्ही दोघं एकमेकांना नकार देत दुपारी काढत असू.

घरच्या वाचनासाठी मला आजोबांचं व्यासपीठ आठवलं, पोथी ठेवायची ती दोन फळ्यांची घडीची चौकट. पाटावर पाठ ताठ, समोर व्यासपीठ, पोथी छातीच्या उंचीला. गल्लीतल्या मदरशातली मुलं हेच लाकूड रेहल म्हणून वापरताना दिसायची. पेढीवरच्या मुनिमांची उतरती मेजंही त्याच जातीची. पुस्तक उचलून डोळ्यांकडे आणायचं, हे ज्यांचं वाचन दिवसभराचं होतं त्यांना कळलेलं होतं. सपाट टेबलं आली आणि आपण डोकं पुस्तकाकडे नेऊ लागलो. माशिमाच्या ओळखीचा एक सुतार जहाजातून येणाऱ्या पेट्यांच्या पाइन लाकडातून स्टुलं करायचा. त्याच्याकडून उतरतं मेज करून घेतलं. भावावरून माशिमाने त्याच्याशी इतका वाद घातला की पैसे माझे आहेत हे दोघंही विसरले. मेज झालं ते जरा डुगडुगतं, पण उतार नेमका. मुलीने त्याच्यावर मोबाइल उभा केला, शेजारी वही, आणि ती भिंतीपासून सुटली.

तिची सेमिस्टर मात्र मनासारखी गेली नाही. मान बरी होती, डोकं दुखत नव्हतं, मी आणि माशिमा मनातल्या मनात तिचे गुण मोजत होतो. ईदचा हंगाम परीक्षेच्या तोंडावर आला होता. घरी काज-बटणं लावायला हात कमी पडत होते आणि ती बरेच दिवस इकडे फिरकलीच नव्हती. "दिदी, हिशेबाचा पेपर बरा गेला," एवढंच म्हणाली. निकालात तोच बरा निघाला. माशिमा दोन दिवस सगळ्यांवर चिडलेली होती, माझ्यावरसुद्धा.

नंतर एकदा तिचे वडील तिला न्यायला आले. मी त्यांना चाचा म्हणायची. चहा झाला, त्यांची नजर मेजावर. त्यांनी खिशातून मापाची फीत काढली, मेजाची पुढची आणि मागची उंची घेतली, मुलीला समोर बसायला लावून डोळ्यांपासून वहीपर्यंतचं अंतर घेतलं. बोलले काही नाहीत. त्यांची मान मी त्या दिवशी नीट पाहिली: मशिनीच्या सुईकडे इतकी वर्षं झुकलेली की सरळ उभे असतानाही डोकं पुढेच. मी भीतभीत विचारलं, दुखते का? ते म्हणाले, दुखायची, आता सवय झाली.

पुढच्या आठवड्यात मुलीने सांगितलं की अब्बांनी मशिनीच्या टेबलाखाली दोन-दोन विटा घातल्या. सुई डोळ्यांजवळ आली, मानेला बरं वाटलं, ते स्वतः म्हणाले. पण पाय पॅडलला पुरेना आणि कापड पुढे सरकवताना कोपर हवेत राहू लागलं. संध्याकाळपर्यंत रोजच्यापेक्षा कमी नग निघाले. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी विटा काढून दाराशी ठेवल्या, आणि तिला म्हणाले, हाटाचा हंगाम संपला की खुर्ची उंच करून पाहू.